एका अक्षराचा फरक

रेल्वेवेडा माणूस वर्तमानपत्र वाचतो ते हातात तांबडी पेन्सिल घेऊन. आमच्या बँकेत असे तिघे आहेत, चौथा मी.

परवा बातमी होती, "लोकलच्या इंजिनात बिघाड." अहो, लोकलला वेगळे इंजिन असते कुठे? मोटरी डब्यांच्याच पोटाखाली असतात! मग माथेरानची गाडी 'मीटरगेज' झाली. ती बिचारी १९०७ साली सुरू झाली तीच दोन फुटी रुळांवर. म्हणजे फरक ३९ सेंटिमीटरचा. बँकेत ३९ रुपयांचा फरक आला तर कॅशियरला घरी सोडत नाहीत. इथे सगळे माफ! कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने लावतात, कारण चढण ३७ फुटांमागे एक फूट. पण फोटोखाली ओळ काय, तर "गाडी उलटी धावली!" आमचे कॅशियर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून संपादकांना पत्र लिहायला बसले.

बायको म्हणते, "अहो, तुम्हांला काय करायचंय? गाडी वेळेवर आली म्हणजे झालं!"

तेही खरेच. पण फाटकात ट्रक अडकून अपघात झाला की छापतात, "ड्रायव्हरने गाडी थांबवली नाही." ताशी शंभरच्या वेगातली गाडी करकचून ब्रेक लावल्यावरही कित्येकशे मीटर पुढे जाते. ती थांबली नाही. त्याने थांबवली नाही असे नव्हे. फरक एका 'व'चा. पण तेवढ्याने एका माणसाच्या माथी खून बसतो.

माथेरानचे ३९ सेंटिमीटर सोडले. हा 'व' मात्र सोडणार नाही!