मागचा दिवा

गाडी कुठेही थांबली की चहाच्या आधी नाना एकच विचारायचे, "मागचा दिवा पुसला का रे?"

1994 चा जानेवारी. निफाडहून लाल कांदा भरून आमची सहाचाकी आग्रा रोडने दिल्लीच्या आझादपूर मंडीला निघाली होती. नाना ड्रायव्हर, मी क्लीनर. धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, शिवपुरी इथवर प्रवास नेहमीसारखा झाला. ग्वाल्हेर सोडलं आणि रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, दिसत नव्हता.

धुकं आपल्या ओळखीचं आहे असं मी तोवर समजत होतो. कसारा घाटातलं पावसाळी धुकं मी पाहिलेलं होतं. ते म्हणजे डोंगराला अडलेला ढग. वारा आला की हलतो, फाटतो. एका वळणावर दरी दाखवतो, पुढच्या वळणावर झाकून घेतो. चंबळच्या बाजूचं हे धुकं मात्र वरून उतरत नाही, जमिनीतून उगवतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, गव्हामोहरीची शेतं पाणी पिऊन ओली. रात्री जमीन गारठते, तिला टेकलेली दमट हवाही गारठते आणि आधी बांधाबांधाने, मग रस्त्यावर ते दाटत जातं. वर उबदार हवेचं झाकण असतं, म्हणून ते हलतही नाही. कधी कधी सकाळचे दहा-अकरा वाजेपर्यंत त्याचा मुक्काम.

मी म्हणालो, "नाना, फुल लाइट मारा ना."

त्यांनी मारून दाखवला. काचेच्या पुढ्यात पांढरी भिंतच उभी राहिली. थेंबाथेंबावरून उजेड उलटा आमच्याच डोळ्यांत आला. नानांनी डिपर दिला, उजेड खाली बसला आणि पंचवीस-तीस हात डांबर पुन्हा हाती आलं. तेवढ्यावर चालायचं. डाव्या बाजूच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले होते. एक पट्टा मागे गेला की दुसरा दिसेपर्यंत मी श्वास धरून बसायचो.

त्यांनी टेप बंद केला. काच खाली केली. थंडीने कान बधिर झाले, तरी काच वर घेऊ दिली नाही. डोळे गेले की कान तरी हवेत, म्हणाले. आमच्या श्वासाने आतून धरणारी समोरची काच मी जुन्या बनियनने पुसत होतो, बाहेरून वायपर चालू होता. माझ्याकडे आणखी एक काम होतं, स्पीडच्या काट्यावर नजर ठेवायची. धुक्यात झाडं, घरं मागे पळताना दिसत नाहीत, त्यामुळे गाडी रांगते आहे असं वाटतं आणि नकळत पाय दाबला जातो. "वीसच्या वर गेला की सांग."

पुढे माझ्या हाती स्टिअरिंग आलं तेव्हा मी यातला हिशेब मांडून पाहिला. ताशी 60 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. 50 मीटरच्या पुढचं दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. म्हणजे समोर उभी गाडी दिसल्यावर हातात तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद पाय ब्रेकवर जाण्यातच जातो, आणि उरलेल्यात भरलेला ट्रक थांबत नाही. तीसच्या वेगाला तोच ट्रक त्या अंतराच्या निम्म्यातच उभा राहतो. नानांनी हे आकडे कधी मांडले नव्हते. त्यांच्या पायालाच ते ठाऊक होते.

मुरैना यायच्या आधी पुढून धडधड ऐकू आली. आधी आवाजच, दिवा नाही, आकार नाही. नानांनी ॲक्सिलरेटर सोडला, गिअर उतरवला आणि ब्रेकला दोन-तीनदा हलकेच पाय लावला. गाडी थांबवण्यापेक्षा मागच्या लाल दिव्याची उघडझाप व्हावी म्हणून. मागे कोण आहे, कोणी आहे की नाही, आम्हाला काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात समोर एक ठिणगी दिसली. मग फळी, मग विटा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक म्हातारा घोंगडी लपेटून आमच्याकडे तोंड करून बसला होता, आणि त्याची विडी हाच त्या ट्रॉलीचा मागचा दिवा होता.

त्याला ओलांडून जायचा विचार नानांच्या मनातही आला नाही. समोरून कोण येतंय ते न दिसता उजवीकडे गाडी काढायची नाही, हे त्यांचं पक्कं होतं. मैलभर आम्ही त्या विडीमागे, अंतर राखून, चाललो. मला झोप अनावर झाली होती; म्हटलं, बाजूला घेऊन थांबू या. "साइडपट्टीवर?" ते एवढंच म्हणाले. धुक्यात डांबराच्या कडेला उभी राहिलेली गाडी त्यांना चालत्या गाडीपेक्षा जास्त भिववायची. कडेच्याच आधाराने येणारा सरळ तिच्यात घुसतो. थांबायचं तर रस्ता पुरता सोडून, ढाब्याच्या आत.

आता ट्रकच्या मागे लाल, बाजूला पिवळ्या चमकत्या पट्ट्या असतात. त्यांच्यावरही चिखल बसतोच.

मुरैन्याजवळ ढाबा लागला. गाडी खूप आत घेतली. मी फडकं भिजवून मागे गेलो, तर आमच्यामागोमाग आणखी एक ट्रक आत वळला. सरदारजी उतरले, डोळे लालबुंद. नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "ग्वालियर से आपकी बत्ती के पीछे आया हूँ, जी।"

नानांनी माझ्याकडे बोट केलं. सरदारजींनी माझ्यासाठी चहा सांगितला. बोटं इतकी गारठली होती की दोन्ही तळव्यांत ग्लास धरून मी उभा होतो, आणि दिव्याकडे बघत होतो. डाव्या कोपऱ्यातला चिखल अजून निघाला नव्हता.