सोफ्याची पारख

आमच्या दिवाणखान्यात पूर्वी मोरपंखी मखमलीचा एक सोफा होता. पहिल्या नोकरीत साठवलेल्या पैशांतून, दुकानात जेमतेम पाच मिनिटे उभा राहून, मी तो विकत घेतला होता. त्याच्या रूपाला मी भुललो, हे कबूल करायला आज मला संकोच वाटत नाही. वर्षभरातच त्याच्या पायांशी पिठासारखी बारीक भुकटी पडू लागली. कुणी रांगोळी सांडली असेल, असे आम्हांला वाटले. पण लाकडाला भुंगा लागला होता! बैठक तर इतकी खचली, की आजीला उठवायला दोघांचे हात लागत. "हा सोफा आहे की विहीर रे?" ती विचारी. सगळे हसत. पुढे ती दिवाणखान्यात येईनाशी झाली, आणि संध्याकाळच्या गप्पा तिच्यावाचून होऊ लागल्या. ते मात्र माझ्या मनाला फार लागले.

दुसरा सोफा घ्यायचे ठरले, तेव्हा शेजारच्या वृद्ध सुतारकाकांना मी बरोबर नेले. पुण्याच्या भवानी पेठेत त्यांनी चाळीस वर्षे रंधा चालवला होता.

दुकानात शिरताच माझी नजर सवयीने कापडावर गेली. काका मात्र सरळ जमिनीवर बसले आणि सोफ्याच्या पोटाखाली डोकावू लागले! दुकानदार चकित झाला. मला तर क्षणभर लाज वाटली.

"कापड उद्याही बदलता येईल, सांगाडा बदलशील का?" काका म्हणाले. मग त्यांनी सोफ्याचा पुढचा एक पाय सहा इंच उचलला. तेवढ्यात पुढचा दुसरा पायही जमीन सोडू लागला, तर सांगाडा ताठ. तो जमिनीला चिकटूनच राहिला, तर सांगाडा पिळवटतो, असे समजावे. त्या देखण्या सोफ्याचा दुसरा पाय जागचा हललासुद्धा नाही. त्याच्या फळ्या नुसत्या खिळ्यांनी जोडलेल्या होत्या.

शेजारचा सोफा साधा, करड्या रंगाचा. त्याच्या लाकडांची टोके एकमेकांच्या खाचांत बसवून सरसाने सांधलेली होती. काकांनी तळाशी लाकडावरून बोट फिरवले. सागाचा गाभा तपकिरी आणि किंचित तेलकट असतो. सालीलगतचे फिकट लाकूड मात्र किडीला लवकर बळी पडते. "सगळाच साग म्हणजे साग नव्हे," असे पुटपुटत ते आणखी खाली वाकले.

नंतर गादीची पाळी आली. खोळ उघडून त्यांनी आतील फोमची घनता विचारली. बैठकीला दर घनमीटरला 32 किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाचा फोम बरा. हलका फोम लवकर चपटा होतो. जड फोम म्हणजे कठीण फोम, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. जड फोमही मऊ असू शकतो. अखेरीस ओला पांढरा रुमाल कापडावर घासून त्यांनी रंग सुटत नाही ना, तेही पाहिले.

आता पैसे द्यायचे, इतक्यात काकांनी खिशातून एक दोरा काढला. त्याला एके ठिकाणी गाठ मारलेली होती. सकाळीच आजीकडे जाऊन, पावलापासून गुडघ्यापर्यंतची उंची त्यांनी त्यावर मोजून आणली होती! मला बैठकीवर बसवून त्यांनी तो दोरा लावला. गाठ बैठकीच्या कडेला बरोबर टेकली. मी इतकी वर्षे सोफे पाहिले, पण बसणाऱ्या माणसाचे माप घ्यावे, हे मला कधी सुचले नव्हते.

सोफा घरी आला. आजीने आधी हाताने गादी दाबली, मग बेताबेताने ती टेकली. थोडा वेळ ती गप्प बसली. आणि मग, आम्ही हात पुढे करण्याआधीच, आपली आपण उठून म्हणाली, "सुतारदादांना हाक मार रे. चहा टाकते मी."