हप्त्याला एकच बदल

मी ऑटिस्टिक. त्यामुळे माझं खाणं ठरलेलं: सकाळी आमच्या वर्ध्याचा फेमस गोरसपाक, दोन्ही वेळा मऊ भात, तोही त्याच ताटलीत. नातेवाइकांना हे लाड वाटायचे. मग रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेचा हिशेब, ७.२. साडेसहापासून डायबिटीस धरतात.

"उद्यापासून भाकर आणि पालेभाज्या," डॉक्टर म्हणाले. उद्यापासून? अहो, पालकाचा गिळगिळीतपणा जिभेला लागला की मला उमासेच येतात. नाटक नाही ते!

तोडगा आईने काढला. हप्त्याला एकच बदल, ताटली तीच. आधी भात अर्धा, सोबत घट्ट वरण. मग ज्वारीची भाकर, पण कडक शेकलेली.

तीन महिन्यांनी ६.८. गोरसपाक आता फक्त रविवारी, एकच.

पालक? नको यार.