शेजारच्या किडनीवर विसंबून

सोनोग्राफीत यकृताला स्वतःची अशी छटा नसते. पडद्यावर सगळं करडंच, आणि मशीनवरचं एक बटण फिरवलं की तेच यकृत उजळ होतं, उलट फिरवलं की गडद. म्हणून ‘लिव्हर पांढरं दिसतंय’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. कशापेक्षा पांढरं, ते सांगावं लागतं. त्याचं उत्तर रेडिओलॉजी शिकतानाच हातात बसतं. प्रोब उजव्या बरगड्यांच्या फटीत तिरका धरायचा, रुग्णाला श्वास भरून रोखायला सांगायचं आणि यकृत व उजवी किडनी एकाच चित्रात आणायची. निरोगी माणसात दोघांची छटा जवळपास सारखी असते, फार तर यकृत किंचित उजळ. यकृताच्या पेशींत चरबी साठली की ध्वनिलहरी तिथून जास्त परततात, यकृत पांढुरकं होतं आणि शेजारची किडनी त्याच्यापुढे काळी वाटू लागते. फरक थोडाच असेल तर ग्रेड वन. यकृतातल्या शिरांच्या भिंती पुसट झाल्या तर ग्रेड टू. श्वासपटलाची रेघही हरवली तर ग्रेड थ्री. रोज असे कितीतरी रिपोर्ट आम्ही लिहितो आणि बहुतेक बरोबर असतात.

डायलिसिसवरच्या माणसात मात्र ही पद्धत पायापासूनच डळमळते. निकामी झालेली किडनी व्रणांनी भरत जाते, आक्रसते आणि स्वतःच पांढरी होते. एरवी ९ ते १२ सेंटीमीटर भरणारी किडनी कधी ७ सेंटीमीटरवर आलेली असते, तिच्यात बारीक पाण्याच्या गाठी झालेल्या असतात, आणि कडा तर शोधाव्या लागतात. अशा किडनीशेजारी चरबीने भरलेलं यकृत ठेवलं तर ते सारखंच दिसतं, कधी गडदसुद्धा. मापच खोटं असेल तर तराजू कितीही चांगला असून काय उपयोग? जास्त फसवतात ते मधुमेहाने किडनी गेलेले रुग्ण. त्यांची किडनी बऱ्याचदा आकाराने शाबूत असते, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला ती भरवशाची वाटते. यकृतात चरबी असण्याची शक्यताही नेमकी याच रुग्णांत सर्वांत जास्त. किडनी बिघडवणारा मधुमेह आणि वाढलेली साखर-चरबी यकृताला तेवढी वगळत नाहीत.

मग पाहायचं कशाशी ताडून? मी प्लीहेकडे जाते. निरोगी माणसात प्लीहा यकृताइतकीच किंवा जराशी उजळ असते, आणि डायलिसिसने तिची छटा किडनीसारखी बदलत नाही. अडचण अशी की ती पोटाच्या दुसऱ्या टोकाला, डाव्या बरगड्यांत वर दडलेली. यकृत आणि ती एका चित्रात सहसा येत नाहीत. त्यामुळे यकृताचं चित्र घेतल्यावर एकही बटण न हलवता, तेवढ्याच खोलीवर प्लीहेचं चित्र घ्यायचं आणि दोन्ही शेजारी लावायची. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोरचा माणूस दोन दिवसांचं पाणी अंगात घेऊन आलेला असतो, त्याला उताणं झोपवत नाही, श्वास धरवत नाही, आणि कुशीवर वळताना फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायच्या जोडशिरेचा, हात अंगाखाली येणार नाही हेही पाहावं लागतं. त्या हातावरच त्याचं जगणं चाललेलं असतं. उशी द्यावी, थांबावं, पुन्हा पाहावं. अशा तपासणीला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

किडनीची गरजच न लागणाऱ्या खुणाही आहेत. चरबीच्या यकृतात लहरी आत जाता जाता विरतात, म्हणून वरचा भाग लख्ख आणि खोलवरचा अंधुक दिसतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती पित्ताशयालगतची खूण. सगळ्या यकृतात चरबी असली तरी तिथला एक छोटा पट्टा बऱ्याचदा तिच्यापासून वाचलेला असतो आणि गडद दिसतो. तो दिसला की यकृताची तुलना यकृताशीच करता येते. अर्थात चरबी थोडी असेल तर ती सोनोग्राफीला दिसतच नाही. पाच टक्क्यांच्या वर पेशींत चरबी असली की आजार म्हणतात, पण साधारण वीस टक्क्यांच्या आतली चरबी या मशीनच्या हाती नीट लागत नाही.

रक्ततपासणी हे झाकलेलं उघडं करेल अशी आशा असते, पण तिथेही तोच घोळ. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी चाळीसच्या आत आलं की कागदावर ‘नॉर्मल’ छापून येतं. डायलिसिसच्या रुग्णांत हा आकडा मुळातच खाली असतो. ब६ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचं एक कारण मानलं जातं. त्यामुळे इतरांसाठी निर्धोक असणारा तिशीतला आकडा इथे विचार करायला लावणारा असू शकतो.

खरं तर डायलिसिस विभागात यकृताचा विचार होतो, पण वेगळ्या अर्थाने. तिथे लिव्हर म्हणजे कावीळ बी आणि कावीळ सी. दर काही महिन्यांनी तपासणी, बी असेल तर स्वतंत्र मशीन, लसीचा दुप्पट डोस. ही शिस्त अत्यंत गरजेची आहे आणि तिने अनेकांना वाचवलं आहे. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत मशीनं आली, शेतकरी आणि मजूर वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू लागले. माणूस इतकी वर्षं जगतो तेव्हा हळूहळू वाढणाऱ्या आजारालाही तेवढी वर्षं मिळतात. चरबीनंतर व्रण येतात. उद्या किडनी प्रत्यारोपणाची संधी आली तर यकृतात व्रण किती आहेत, हा प्रश्न पहिल्या काहींत असतो, कारण पुढची स्टेरॉइड्स आणि इतर औषधं साखर व चरबी दोन्ही वाढवू शकतात. सुई घालून तुकडा काढावा, तर या रुग्णांत रक्तस्रावाची भीती जास्त.

म्हणून फायब्रोस्कॅन करायला सांगतात. त्यात यकृताचा कडकपणा मोजतात, पण अंगात पाणी साचलं असेल तर यकृतही फुगतं आणि आकडा वाढलेला येतो. ती तपासणी डायलिसिसनंतर, ड्राय वेटच्या, म्हणजे जादा पाणी निघून गेल्यावरच्या वजनाच्या, जवळ असताना करावी. सीटी स्कॅनचीही अशीच गाठ आहे. साध्या सीटीत चरबीचं यकृत प्लीहेपेक्षा काळपट दिसतं, मात्र या रुग्णांना रक्तवाढीसाठी शिरेतून वारंवार लोह दिलेलं असतं आणि यकृतात साठलेलं ते लोह त्याला उजळ करतं. चरबी खाली ओढते, लोह वर, आणि आकडा मधेच कुठेतरी सभ्यपणे बसतो. लोहाची इंजेक्शनं किती झाली हे विचारल्याशिवाय मी त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या पिशव्यांतल्या द्रावणातून दिवसाकाठी शंभर ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त, साखर शरीरात जाते, तीही तोंडात एक घास न घालता.

“मॅडम, किडनी तर गेलीच, आता लिव्हर पण का?” एका काकांनी विचारलं तेव्हा त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या. माझं उत्तर यायच्या आत त्या म्हणाल्या, “तेल बंद करते, अंडंही बंद करते, वजनच उतरवते यांचं.” मी त्यांना हाताला धरून बसवलं. चरबीच्या यकृताला एरवी दिला जाणारा ‘वजन उतरवा’ हा सल्ला इथे सरसकट देता येत नाही. डायलिसिसवर वजन घटतं तेव्हा बऱ्याचदा स्नायू घटतात आणि कृश रुग्ण आजारपणात टिकत नाहीत. त्यांना रोज दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं हवी असतात, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग राहिलाच पाहिजे. बंद करायचं तर तहानेवर घेतलं जाणारं कोल्ड्रिंक आणि उसाचा रस. त्यात साखर आहेच, वर एकात फॉस्फरस आणि दुसऱ्यात पोटॅशियम. बाकीचं आहारतज्ज्ञांनी ताटासमोर बसून ठरवायचं. मधुमेहाची गोळीही आपल्या मनाने नको, कारण मेटफॉर्मिन डायलिसिसवर चालत नाही.

अशा रुग्णाच्या रिपोर्टात मी नुसतं ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ किंवा ‘लिव्हर नॉर्मल’ लिहीत नाही. तुलना प्लीहेशी केली आहे, किडनीशी नाही, हे आधी लिहिते. तपासणी डायलिसिसच्या आधी झाली की नंतर, तेही लिहिते. पित्ताशयालगतचा पट्टा दिसला का, खोलवरचा भाग किती पुसट होता, हे शब्दांत मांडते, आणि थोडी चरबी या तपासणीत सुटू शकते हे स्पष्ट करते. रिपोर्ट त्यामुळे लांबतो. नेफ्रॉलॉजिस्टचा फोन येतो, “फायब्रोस्कॅन कधी पाठवू?” मी सांगते, गुरुवारची डायलिसिस संपली की शुक्रवारी सकाळी पाठवा, तीन तास काही न खाता.