क म्हणजे १७९

आमच्या बेळगावकडच्या घरांत मराठी सगळेच बोलतात, वाचतात मात्र थोडे. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, बाळबोध लिहायच्या. माझी सून कन्नड शाळेत शिकलेली. बोलायला लागली की मराठी फडाफडा, पण पुस्तक हातात दिलं की ओळीगणिक अडखळते. अव्वांच्या जात्यावरच्या ओव्या तिच्यापर्यंत पोचवायच्या कशा, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

ओव्यांची वही वाळवीनं खाल्ली. त्याआधी, नव्वदीच्या दशकात, कुणीतरी हौसेनं ती संगणकावर उतरवून ठेवली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी ती फाइल टिकली. पण उघडली की पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं. भाचीनं ती पाहिली आणि म्हणाली, "मावशी, फाइल धडधाकट आहे गं. फक्त जुन्या इस्कीत आहे."

इस्की म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेले आकडे. १९९१ साली ते भारतीय मानक झाले. एकूण जागा २५६. खालच्या १२८ इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या, वरच्या भागात आपली वर्णमाला. क म्हणजे १७९, ख १८०, ग १८१, आणि आपला ळ २१०. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की या आकड्यांची अक्षरं दिसायची. पुढे युनिकोड आलं, त्यात क झाला २३२५. आजच्या संगणकाला १७९ दिसला तर तो क आहे हे त्याला कळावं कसं?

भाचीनं त्यासाठी छोटीशी लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुठल्याही प्रोग्रामला उसना घेता येईल असा तयार तुकडा. त्यात मुख्य काय, तर एक तक्ता: जुना आकडा डावीकडे, नवा उजवीकडे. पण नुसत्या तक्त्यानं भागलं नाही. पहिल्याच ओळीत ॐ होता, तिथे चंद्रबिंदू आणि खाली नुक्ता उमटला. इस्कीत ॐ ला स्वतंत्र जागा नाही, या दोन चिन्हांची जोडी म्हणजे ॐ. तसंच दंडापुढे नुक्ता आला की अवग्रह. म्हणजे एक चिन्ह वाचलं की पुढचं पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. हे नियम घातले आणि अव्वांच्या ओव्या स्वच्छ बाळबोधीत समोर आल्या.

मला नवल वाटलं ते त्यापुढचं. इस्कीत कन्नडचा क सुद्धा १७९ च! बंगाली, गुजराती, तेलुगूचाही तोच. आकडा ध्वनीचा, कुठल्या लिपीत दाखवायचा, ते सांगायला वेगळी खूण. देवनागरीसाठी ६६, कन्नडसाठी ७२. भाचीनं तेवढी खूण बदलली आणि त्याच ओव्या कन्नड अक्षरांत उभ्या राहिल्या. एका अक्षराचंही भाषांतर नाही. आम्ही सीमाभागातल्या बायका चुलीपुढे बसून दोन्ही भाषा बोलत आलो; आपली वर्णमाला एकाच घरची आहे, हे त्या आकड्यांत मांडलेलं पाहून बरं वाटलं.

सुनेनं त्या दिवशी सलग वाचलं. 'चांदणं' मात्र तिनं 'चहा'तल्या च नं वाचलं. मराठीत च चे दोन उच्चार, अक्षर एकच. बाळबोधीतही एकच आणि कन्नडमध्येही एकच. कुठलाही तक्ता तिथे उपयोगाचा नाही. मी म्हणून दाखवलं, तिनं माझ्यामागून म्हटलं.

तुमच्याकडेही अशी न उघडणारी जुनी फाइल असेल तर टाकून देऊ नका. एखाद्या भाचीला दाखवा. आणि म्हणून दाखवणारी बाई घरात आहे, तोवर ओव्या म्हणूनही घ्या.