नानांचे दहा रुपये

आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे या दोघा भावांच्या कॅसेटी आमच्या घरात थोरल्या भावाने आणल्या, आणि नानांचा पारा चढला. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायिली, तशी विठ्ठलाची नि गणपतीचीही गायिली. आनंद शिंद्यांचे पोपटाचे गाणे तर वरातीत वाजत होते. नाना म्हणायचे, "22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे कशाला?" आई म्हणायची, "कलावंताला पोट नसते का?" जेवताना वाद चाले, टेपही चाले.

1994 च्या भीमजयंतीला ते दोघे आमच्या तालुक्याच्या गावी आले. शाळेचे मैदान. आम्ही भाकरी बांधून नेल्या, बसायला पोती नेली. रात्री बायामाणसांना सोबत हवी म्हणून नाना आले, पण स्टेजकडे पाठ करून चहाच्या गाडीपाशी उभे राहिले. कार्यक्रम 9 चा, सुरू झाला 12 ला. आधी पुढाऱ्यांची भाषणे झाली. त्याविषयी न लिहिलेले बरे.

मग ढोलकीवर थाप पडली. एका भावाने ओळ उचलायची, दुसऱ्याने ती वरच्या पट्टीत न्यायची, कोरसने धरायची, की सारे मैदान टाळ्यांचा ठेका धरायचे. कॅसेटमध्ये गाणे ऐकू येते, पण शेजारची म्हातारी पदर तोंडात धरून रडते ते दिसत नाही. रमाईचे गाणे लागले तेव्हा आमच्या रांगेतल्या सगळ्या बाया रडत होत्या.

तेवढ्यात नाना पोती ओलांडत आले. माझ्या हातात दहाची नोट दिली. "तू नेऊन दे. माझे नाव सांगू नकोस."

स्टेजखालच्या कार्यकर्त्याने नाव विचारले. मी घाबरून आईचे सांगितले. माईकवरून आईचे नाव पुकारले गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. ती इकडेतिकडे बघत राहिली, दुसरीच कोणी असेल म्हणून.

पहाटेपर्यंत गाणी चालली. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर लाऊडस्पीकर 10 ला बंद होतो, फार तर परवानगी काढून 12 ला. आमच्या मुलांना त्या पहाटा ठाऊक नाहीत.

घरी येताच नानांचा वाद पुन्हा सुरू झाला. दहा वर्षे तो काही मिटला नाही.

2004 साली प्रल्हाददादा गेले. त्या रात्री नानांनी स्वतः भावाने भरून आणलेली जुनी कॅसेट लावली. भीमगीते संपली आणि पाठोपाठ विठ्ठलाचे गाणे सुरू झाले. आईने माझ्याकडे पाहिले. नानांनी हात पुढे केला, आवाज थोडा कमी केला आणि टेप चालू ठेवला.