निदान होईस्तोवर

ती. वहिनींस,


आधी एकच सांगते, पाणी तोडू नका. सकाळी घर सोडल्यापासून शाळा सुटेपर्यंत घोटभरही पाणी पीत नाही, हे तुम्ही परवा फोनवर सहज सांगून गेलात आणि माझी झोप उडाली. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला, तुम्ही विषय बदललात. म्हणून हे पत्र. एकट्या असताना वाचा, मग वाटलं तर त्यालाही द्या.

पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाला झोंबते आणि जी घाई कमी व्हावी म्हणून हा सगळा आटापिटा, तीच वाढते. वर पोट साफ होत नाही, त्याचाही दाब मूत्राशयावर येतो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर हवंच. थोडं थोडं वाटून प्या आणि झोपायच्या दोन तास आधी थांबा. मधल्या सुट्टीतला चहा मात्र काही दिवस सोडून बघा.

डोळ्याचं दुखणं, पायांच्या मुंग्या आणि हे लघवीचं, यांचा एकमेकांशी संबंध काय, असं तुम्ही विचारलंत. असू शकतो, म्हणून तर न्यूरॉलॉजिस्ट एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिसची) शंका धरून आहेत. मूत्राशय भरल्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते आणि ‘थांब’ किंवा ‘मोकळं हो’ हा हुकूम त्याच वाटेने खाली येतो. हुकूम सोडणारी जागा मेंदूच्या अगदी खालच्या भागात आहे, हे बॅरिंग्टन या इंग्रज सर्जनने १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. या लांबलचक वाटेवर कुठेही तसा चट्टा पडला की निरोप अडखळतात. त्यात तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा काही भाग नाही. ‘वयाप्रमाणे होतं, दोन बाळंतपणं झालीत’ असं ज्यांनी म्हटलं त्यांनी तुम्हाला नीट विचारलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिघाड दोन तऱ्हेचा असतो आणि ते समजून घेणं फार गरजेचं आहे. एकात मूत्राशय थोडं भरलं की आकसतं. उठून जाईपर्यंत धीर धरवत नाही. दुसऱ्यात ते पूर्ण रिकामंच होत नाही. जाऊन आलं तरी दहा मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं, धार तुटक येते, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. कित्येकांना दोन्ही एकदम असतं. मूत्राशय आकसतं त्याच वेळी खालचा स्नायू सैल पडायचा सोडून आवळला जातो. वरून बघता सगळ्या तऱ्हांची तक्रार एकच, ‘सारखं जावं लागतं’. पण घाई थांबवणाऱ्या गोळ्यांनी मूत्राशयाचा जोर कमी होतो. आत लघवी साठत असताना त्या घेतल्या तर ती पूर्ण तुंबू शकते. शेजारच्या बाईंना लागू पडलेली गोळी दुकानातून आणू नका, ते याच कारणासाठी.

साठते की नाही हे कळायला साधी सोनोग्राफी पुरते. मूत्राशय भरलेलं असताना एकदा बघतात, लघवी करून आल्यावर पुन्हा. हे दुसरं बघणं घाईगर्दीत राहून जातं, तर तुम्ही आग्रहाने करून घ्या. मागे किती मिली उरली तो आकडा रिपोर्टमध्ये लिहिलेला हवा. शंभरच्या वर असेल तर यूरॉलॉजिस्टला दाखवायचंच.

आमच्या ओपीडीत आम्ही पहिल्या भेटीला एक कागद देतो. तसा तुम्ही घरीच वहीच्या पानावर आखा. वेळ, काय आणि किती प्यायलं, लघवी किती मिली, घाई होती का, कपडे ओले झाले का. तीन दिवस भरायचा, त्यातला एक सुट्टीचा. प्लास्टिकचा मापाचा मग औषधाच्या दुकानात मिळतो, तो न्हाणीघरात वेगळा ठेवा. परवा एका बाईंचा कागद पाहिला: पहाटे २.१०, ९० मिली, खूप घाई, ३.२५, ७० मिली, ४.४०, ८० मिली, परकर बदलला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मुलगी उठली’. एरवी एकावेळी तीन-चारशे मिली धरून ठेवणारं मूत्राशय सत्तरला हाका मारतंय, हे त्या आकड्यांवरून डॉक्टरांना तिथल्या तिथे दिसलं. तोंडाने हे सांगताना आपण बायका निम्मं गाळतो.

तोच कागद न्यूरॉलॉजिस्टनाही दाखवा. लघवीचं त्यांना अजून सांगितलेलंच नाही असं तुम्ही म्हणालात. वहिनी, हे त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. मेंदूचा एमआरआय झालाय, पण लघवीची तक्रार मज्जारज्जूकडे बोट दाखवते. मानेचा आणि पाठीचा एमआरआय करायचा का, हे ते त्यावरून ठरवतील. एमएसचं निदान मॅकडोनाल्ड निकषांवर करतात. ते पहिल्यांदा २००१ साली ठरले आणि नंतर वेळोवेळी सुधारले गेले. मज्जासंस्थेत एकाहून जास्त ठिकाणी चट्टे आहेत याचा पुरावा त्यात लागतो, आणि बहुतेक वेळा ते वेगवेगळ्या काळात पडले याचाही. पाठीतलं पाणी तपासून काही वेळा त्या दुसऱ्या पुराव्याची उणीव भरून निघते. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू म्हणाले, ते तुम्हाला टाळण्यासाठी नव्हे. बी-१२च्या कमतरतेने, एनएमओ नावाच्या आजारानेही असंच चित्र दिसू शकतं, आणि एमएसची काही औषधं एनएमओत उलटतात. चुकीचं नाव घाईने लागण्यापेक्षा हे थांबणं बरं.

पण थांबायचं ते नावासाठी. मूत्राशयाने कशासाठी थांबावं? निदान झालं की लघवीचंही बघू, असं म्हणत वर्ष काढलेल्या बाया आमच्याकडे येतात तेव्हा माझा जीव तुटतो. उरलेली लघवी आज मोजता येते, आज औषध सुरू करता येतं. एमएस ठरलं तरी मूत्राशयाचा इलाज याच तपासण्यांवरून होणार. उद्या नळीने लघवी काढायची वेळ आली तरी घाबरायचं कारण नाही. त्यासाठी सगळं निर्जंतुकच हवं असं पूर्वी मानत. अमेरिकेतल्या डॉ. लॅपिडिस यांनी १९७२ साली दाखवलं की स्वच्छ हात, स्वच्छ नळी आणि ठरलेल्या वेळी रिकामं करणं एवढं पुरतं. मी शिकवलेल्या कितीतरी जणी पर्समध्ये नळ्या घेऊन नोकरीला जातात.

गावातल्या डॉक्टरांनी पुन्हा अँटिबायोटिक लिहून दिलं तर आधी लघवीचं कल्चर करा, मग गोळी. मागचं कल्चर स्वच्छ होतं, म्हणजे ती घाई जंतूंची नव्हतीच. खरं इन्फेक्शन मात्र अंगावर काढू नका. ताप चढला की एमएससारख्या आजारात पाय आणखी जड पडतात, नजर अंधुक होते. थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात होईना किंवा बसायची जागा बधिर वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

आता शाळेचं. शिक्षिकांच्या शौचालयाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर, हे ऐकून संताप आला. मुंबईत बायकांनी २०११पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालवली ती काही उगाच नाही. एका किल्लीची मागणी लेखी करा. एमएस ठरलंच तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत तो आजार नावानिशी आहे. तेव्हा मागणीला आणखी बळ येईल. तोवर दर दोन तासांनी, घाई असो वा नसो, जाऊन या. एसटीत दाराजवळची जागा धरा. मासिक पाळीचे पॅड लघवीसाठी पुरत नाहीत. त्यासाठीचे वेगळे मिळतात, पहिलं पाकीट मी आणते.

दादाला रात्री तुम्ही दिवाणखान्यात का झोपता हे कळत नाही, आणि तो विचारायला बिचकतो. त्याने मला विचारलं. मी काहीच बोलले नाही, ते तुम्हीच सांगायचंय.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. एमआरआयच्या फिल्म, बी-१२चा रिपोर्ट आणि जुनी कल्चरं एका फाइलीत लावून ठेवा. कागद आजपासून भरायला घ्या, म्हणजे तीन दिवस होतील.

तुमची नणंद